डबीतला सैनिक आणि त्याची बायको

तळहातावर मावेल एवढी लाकडी डबी, वरून कातडे मढवलेली. उघडली की एका बाजूला मखमल, दुसऱ्या बाजूला पितळी चौकटीत काचेवरचे छायाचित्र. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातल्या अशा डब्या संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. गणवेशाची बटणे, तलवार, पट्ट्यावरची अक्षरे बारकाईने पाहतात. शेजारी बसलेली बायको मात्र बहुधा 'पत्नीसह' एवढ्या एका शब्दात आटोपते.

लिलजेनक्विस्ट कुटुंबाने आपला असा संग्रह २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. त्यात गणवेशातला एक काळा सैनिक आहे. सोबत टोपी घातलेली बायको आणि सारखे कोट घातलेल्या दोन मुली. संग्रहात दाखल होताना नोंद झाली ती 'अनोळखी' अशी.

हे चित्र साधे कौटुंबिक चित्र नव्हे. गुलामाच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. मालक नवरा एकीकडे आणि बायको-मुले दुसरीकडे विकू शकत होता. म्हणून या चौघांचे एकत्र बसणे हीच एक साक्ष आहे.

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० काळे सैनिक लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. समान वेतनाचा कायदा झाला तो जून १८६४ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंटकीतील कॅम्प नेल्सनमधून सैनिकांच्या सुमारे ४०० बायका-मुलांना कडाक्याच्या थंडीत हाकलून देण्यात आले. त्यांतली १०२ मेली. नवरा स्वातंत्र्यासाठी बंदूक धरतो आणि त्याची बायको अजून मालकाचीच! या संतापानंतरच ३ मार्च १८६५ च्या कायद्याने सैनिकांच्या बायका-मुलांना मुक्त केले. पुढे विधवेने पेन्शन मागितली, तर लग्न झाले होते हे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षींनी सिद्ध करावे लागे. ज्या राज्यसत्तेने लग्न नाकारले, तीच आता लग्नाचा पुरावा मागत होती.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. हे नाते आपण विसरता कामा नये. आपल्याकडेही महार पलटणीत लढले. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्या शिपायांचे कर्तृत्व थोडेफार नोंदले गेले. पण त्यांच्या बायकांचे काय? पलटणीमागे छावणी-छावणीत संसार मांडणाऱ्या त्या बाया कोणत्या दप्तरात आहेत?

संग्राहक वस्तू जपतो, नाव जपणे हे आपले काम आहे. घरातल्या पेटीत एखादा जुना फोटो असेल तर आजच आजीला विचारा. तिने सांगितलेले नाव, गाव, पलटण फोटोच्या पाठीमागे लिहा. आणि आधी आजीचे नाव लिहा. नाहीतर उद्याच्या नोंदवहीत आपली माणसेही 'अनोळखी' म्हणूनच जातील.