स्थिर, पण किती काळ?

‘प्रकृती स्थिर आहे.’ रुग्णालयाच्या दारात उभं राहून हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. ऐकून जीव भांड्यात पडतो; पण घरी परतताना मनात येतंच, की स्थिर म्हणजे नेमकं काय? गंमत अशी, की हाच प्रश्न विज्ञानालाही शतकानुशतकं छळत आला आहे. त्याची सुरुवात मात्र माणसाच्या शरीरातून झाली नाही, तर आकाशातून झाली.

न्यूटननं १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. सूर्य आणि एकच ग्रह असता, तर सगळं सोपं होतं. तो ग्रह त्याच लंबवर्तुळावरून फिरत राहिला असता. पण ग्रह अनेक आहेत आणि तेही एकमेकांना ओढतात. ही बारीकसारीक ओढ साठत गेली तर? कधीतरी ईश्वरालाच ही घडी पुन्हा नीट बसवावी लागेल, असं खुद्द न्यूटनला वाटत होतं. ही भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या नोंदींशी ताडून पाहता गुरूचा वेग वाढत चाललेला आणि शनीचा मंदावत चाललेला दिसत होता.

१७८५ साली फ्रान्सच्या लाप्लासनं याचं कारण शोधलं. गुरूच्या सूर्याभोवती ५ फेऱ्या होतात, तेवढ्या काळात शनीच्या जवळजवळ २ होतात. त्यामुळे त्यांची परस्परांवरची ओढ बराच काळ एकाच दिशेनं साठत जाते. पण सुमारे ९०० वर्षांत हिशेब पुन्हा मूळ पदावर येतो. सूर्यमाला सुरक्षित आहे, असा दिलासा जगाला मिळाला. मात्र लाप्लासच्या आकडेमोडीत कित्येक बारीक संख्या ‘नगण्य’ म्हणून सोडून दिलेल्या होत्या. त्या धरल्या तर काय होईल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

पुढे शंभर वर्षांनी स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त एक गणिती स्पर्धा जाहीर झाली. तिच्यातला एक प्रश्न हाच होता. जानेवारी १८८९ मध्ये निकाल लागला आणि बक्षीस मिळालं ३४ वर्षांच्या आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाला. सुवर्णपदक आणि २,५०० क्रोनर! प्रश्न संपूर्ण सुटला नव्हता. पण तिसरा गोल अगदी हलका असेल तर तीन गोलांची रचना स्थिर राहते, असं दाखवल्याचा त्याचा दावा होता.

निबंध छपाईसाठी तयार होत असताना फ्रागमेन नावाच्या तरुण गणितज्ञानं काही अवघड जागांबद्दल शंका विचारल्या. त्यांची उत्तरं लिहिता लिहिता प्वांकारेला स्वतःचीच एक मोठी चूक सापडली. स्थैर्याची सिद्धता कोसळली होती! त्यानं संपादक मिटाग-लेफ्लरला तसं कळवलं. तोवर अंक छापून झाला होता, काही प्रती बाहेरही गेल्या होत्या. संपादकानं त्या गुपचूप परत मिळवल्या. नव्या छपाईचा खर्च प्वांकारेनं सोसला, साडेतीन हजार क्रोनरहून जास्त. बक्षिसापेक्षा दंडच मोठा!

पण १८९० साली जो निबंध नव्यानं प्रसिद्ध झाला, त्यानं इतिहास घडवला. नियम अचूक ठाऊक असूनही गती इतकी गुंतागुंतीची होऊ शकते, की आरंभीचा नगण्य फरक पुढे प्रचंड होतो, या विचाराचं मूळ त्यात होतं. आज त्याला आपण ‘केऑस’ म्हणतो.

याच सुमारास स्थैर्याची व्याख्याही नेमकी झाली. १८६८ साली मॅक्सवेलनं वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणाऱ्या ‘गव्हर्नर’चं गणित मांडलं होतं. वेग सावरण्यासाठी बसवलेलं हे यंत्र कधी कधी इतकं उतावीळ होई, की इंजिनाचा वेग सावरण्याऐवजी वर-खाली हेलकावतच राही. मग १८९२ मध्ये रशियाच्या ल्यापुनोवनं सांगितलं: आरंभीचा धक्का पुरेसा लहान ठेवला, तर पुढची चाल मूळ चालीच्या हव्या तितक्या जवळ कायम राहते का? राहत असेल, तर ती स्थिर. न हलणं म्हणजे स्थैर्य नव्हे. भोवरा फिरतो म्हणूनच आरेवर उभा राहतो. थांबला की आडवा.

हा विचार मग इतर शास्त्रांतही दिसू लागला. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनननं १९२६ साली शरीराच्या समतोलाला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. शरीराचं तापमान स्थिर दिसतं, कारण घाम, थरथर, रक्तप्रवाह यांची धडपड आत अखंड चालू असते. पर्यावरणशास्त्रात जितक्या जाती अधिक तितकं जंगल स्थिर, अशी समजूत होती. १९७२ साली रॉबर्ट मे यांनी गणितानं दाखवलं, की नाती कशीही जोडलेली असतील, तर जाती वाढल्यानं रचना उलट ढासळण्याची शक्यता वाढते. तेव्हापासून नुसत्या संख्येपेक्षा कोण कोणाशी कसं जोडलेलं आहे, याकडे अभ्यासकांना लक्ष द्यावं लागलं.

आणि सूर्यमालेचं काय झालं? २००९ साली लास्कार आणि गास्तिनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पुढच्या ५ अब्ज वर्षांचा हिशेब संगणकावर २,५०१ वेळा मांडला. दर वेळी बुधाच्या कक्षेत आरंभी नाममात्र फरक केला. सुमारे एक टक्का वेळा ती कक्षा इतकी लांबुळकी झाली, की बुध शुक्रावर किंवा सूर्यावर आदळण्याइतकी वेळ यावी. बाकीच्या वेळी मात्र तसं काही घडलं नाही. म्हणजे न्यूटनची धास्ती अगदी खोटी नव्हती आणि लाप्लासचा दिलासाही त्याच्या काळापुरता खरा होता. दोघांनी पाहिलेली मुदत मात्र वेगळी होती.

म्हणून धरण असो, नदी असो की जंगल, ‘स्थिर आहे’ असं कोणी सांगितलं, की दोन प्रश्न जरूर विचारावेत: किती मोठ्या धक्क्यापर्यंत? आणि किती काळ? डॉक्टर ‘प्रकृती स्थिर आहे’ म्हणतात, तेव्हा पुढच्या महिन्याचं वचन देत नसतात. आत्ता या क्षणी शरीर स्वतःला सावरू शकतंय, एवढंच ते सांगत असतात. पण प्वांकारेची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला तेही थोडं वाटणार नाही.