तीच जागा, तेच नाटक

४ जानेवारी १९८९

दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या झंडापूर या कामगारवस्तीत जन नाट्य मंचाने ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग केला. हाच प्रयोग तीन दिवसांपूर्वी, १ जानेवारीला, याच ठिकाणी हल्ला करून बंद पाडण्यात आला होता. रामबहादूर हा कामगार त्यात मारला गेला. मंचाचे नाटककार-दिग्दर्शक सफदर हाश्मी डोक्याला झालेल्या जबर जखमांमुळे २ जानेवारीला गेले. वय अवघे ३४. त्यांच्या पत्नी मलयश्री मंचाच्या सहकाऱ्यांसह परत आल्या, भूमिकेत उभ्या राहिल्या आणि नाटक शेवटपर्यंत झाले.

शोकसभा घेता आली असती, निवेदन काढता आले असते. त्यांनी नाटक केले. ते त्यांना शक्य झाले, कारण सफदर यांनी घडवलेल्या नाटकाला थिएटर, पडदा, दिवे काहीच लागत नव्हते. मंचाचे ‘मशीन’ हे नाटक तर जेमतेम पाव तासाचे. भोवती माणसे उभी राहिली की रंगमंच तयार. असे नाटक बंद पाडायचे तर नटावरच हात टाकावा लागतो, आणि झंडापुरात तेच घडले.

आज स्वच्छतेपासून मतदानापर्यंत सगळ्या मोहिमांना पथनाट्य लागते. त्याचे मोल मात्र झंडापूर आठवल्याशिवाय कळत नाही. सफदर यांचा जन्मदिवस, १२ एप्रिल, राष्ट्रीय पथनाट्य दिन म्हणून पाळला जातो. पण मला जास्त मोलाची वाटते ती मंचाची दुसरी प्रथा : दर १ जानेवारीला कलावंत झंडापूरला जातात आणि कामगारांसमोर नाटक करतात.