कमी रसायनांचे घर : पांढुर्णा-सौंसरच्या कापूस-संत्रा पट्ट्यातून

पोळ्याचा सण येतो त्या सुमारास पांढुर्णा आणि सौंसरच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी कमरेएवढी झालेली असते. याच दिवसांत फवारणीचा जोर वाढतो. सकाळी पाठीवर पंप घेऊन वावरात गेलेला माणूस दुपारी घरी परततो, पंप ओसरीवर टेकवतो, भिजलेला सदरा दोरीवर टाकतो आणि पाण्याचा तांब्या मागतो. धाकटे मूल त्याच्या पायाला बिलगते. घर विषापासून दूर ठेवायचे असेल, तर विचाराची सुरुवात या क्षणापासून करावी लागेल.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूर व अमरावती जिल्ह्यांना लागून असलेला हा मराठी बोलणारा मुलूख गोव्यातील वाचकास मुख्यतः गोटमारीमुळे ठाऊक असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा येथे जाम नदीच्या दोन काठांवरून ही दगडफेक होते. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेला हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कापूस आणि संत्रा ही येथील प्रमुख नगदी पिके. दोन्ही पिकांना औषधे लागतात आणि ती औषधे बहुधा घरातच ठेवली जातात.

शहरांत ‘नैसर्गिक जीवनशैली’ म्हटले की महागडे साबण आणि सुगंधी तेले डोळ्यांसमोर येतात. खेड्यातील घराला त्यांची गरज नाही. त्याला तीन सवयी पुरतात : विष घरात आणू नये, आणलेच तर त्याचे भांडे बदलू नये आणि एका रसायनात दुसरे मिसळू नये. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समजही सोडून द्यावा लागेल.

फवारणीचे औषध आणि घराचा उंबरठा

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही घटना शेतातली होती. घरात काय घडू शकते, हे त्याआधीच बिहारने पाहिले होते. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ बालके मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले गेले होते, असे तपासात पुढे आले.

म्हणून पहिला नियम रिकाम्या डब्याचा. तो कितीही मजबूत असो, त्यात पाणी, तेल, रॉकेल वा धान्य भरू नये. फवारणीचे मिश्रण करतानाच तो तीनदा विसळावा व ते पाणी पंपातच ओतावे. नंतर डब्याला भोके पाडावीत, म्हणजे तो कोणी पुन्हा वापरणार नाही. चुलीत जाळू नये आणि नाल्यात फेकू नये.

दुसरा नियम भरलेल्या डब्याचा. औषध मूळ डब्यातच, लेबलासह, कुलपात आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर ठेवावे. शीतपेयाच्या बाटलीत थोडे काढून ठेवण्याची सवय जीवघेणी आहे. लेबलावरील रंगीत त्रिकोण ओळखायला घरातील सर्वांना शिकवावे. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. हिरव्याचा अर्थ निरुपद्रवी असा मात्र नाही.

तिसरा नियम कपड्यांचा. फवारणीचे कपडे घराबाहेरच उतरवावेत, साबणाने अंघोळ करूनच आत यावे आणि मुलाला जवळ घ्यावे. ते कपडे इतर कपड्यांत मिसळू नयेत. वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून धुवावेत. धुणाऱ्या स्त्रीच्या हातांनाही ते विष लागते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

लाळ सुटणे, भरपूर घाम येणे, उलट्या होणे, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे व श्वास अडकणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा वा लेबल सोबत न्यावे. डॉक्टरांना त्या लेबलाचा मोठा उपयोग होतो.

शेतात फवारणी कमी झाली, तर घरातला डबाही कमी होतो. उन्हाळ्यात गोळा केलेल्या निंबोळ्यांचा पाच टक्के अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्यासाठी पाच किलो निंबोळी, रसशोषक किडींवर आणि लहान अळ्यांवर उपयोगी पडतो. गुलाबी बोंडअळीचा माग ठेवण्यासाठी कामगंध सापळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावल्यास, कीड खरोखर वाढली तेव्हाच फवारणी करता येते.

कापूस, पऱ्हाटी आणि चुलीचा धूर

भाव वधारण्याची वाट पाहत कापूस राहत्या खोलीत रचून ठेवला, की घरातल्यांच्या अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी विदर्भात गेल्या काही हंगामांत ऐकू आल्या. शक्य असेल तर कापसासाठी वेगळी, हवेशीर खोली ठेवावी. त्यावर झोपू नये आणि मुलांना त्यावर खेळू देऊ नये.

वेचणी संपल्यावर उरलेली पऱ्हाटी वर्षभराचे सरपण ठरते. चुलीचा धूर हा घरातील सर्वांत जुना आणि आजही मोठा प्रदूषक आहे. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने घरोघर गॅस पोहोचला. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून पाणी तापवायला व भाकरीला अनेक ठिकाणी चूलच पेटते. तसे असेल तर चूल ओसरीत वा परसात मांडावी, सरपण कडकडीत वाळवूनच जाळावे आणि बाळंतिणीस व तान्ह्या मुलास धुरापासून दूर ठेवावे. प्लॅस्टिक चुलीत कधीही घालू नये.

डास : कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी

एक मच्छर-कॉइल बंद खोलीत जळते, तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके सूक्ष्म कण हवेत मिसळू शकतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. कडुनिंबाचा पाला किंवा संत्र्याच्या वाळक्या साली जाळल्या तरी फुप्फुसाच्या दृष्टीने धूर तो धूरच. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी यांतून मात्र कोणताच वायू निघत नाही.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. या भागातील उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही आणि पावसाळ्यात त्याच कूलरच्या टाकीत अळ्या होतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे कूलर, रांजण, टाकी आणि कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी केली, तर ही साखळी तुटते. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. विहीर वा मोठा हौद रिकामा करता येत नाही. तेथे गप्पी मासे सोडावेत.

धान्याची कोठी

धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हा घरातील सर्वांत मोठा धोका आहे. ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. बंद खोलीत धान्याशेजारी झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामांत वापरायच्या आहेत; राहत्या घरात त्यांना जागा नाही. डाळीला बोरिक पावडर चोळण्याची पद्धतही सोडावी. ती किडीला मारते आणि धुण्यात कसर राहिली तर पोटातही जाते.

यावर जुना उपाय चांगला आहे. वैशाखाच्या उन्हात धान्य दाणा दातांखाली कटकन फुटेपर्यंत वाळवावे, गार झाल्यावर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. गरम धान्य भरले तर आत घाम धरतो आणि कीड लागते. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात द्यावा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून घालावा. ओला पाला बुरशी आणतो.

साफसफाई : मिसळण्याचा मोह नको

संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवात ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायू निघतो. लिंबू वा व्हिनेगर ब्लीचमध्ये घातले तरी तेच होते. अमोनिया आणि ब्लीच यांचे मिश्रणही विषारी वायू सोडते. जास्त साफ व्हावे म्हणून दोन बाटल्या एकत्र करणे हे बंद मोरीत गुदमरण्याचे ठरलेले कारण आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास फेस खूप येतो. पण दोघे एकमेकांची शक्ती मारतात आणि उरते ते जवळजवळ पाणीच. हे दोन्ही वेगवेगळे वापरावेत : सोडा तेलकट भांड्यांना व सिंकला, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांना. रिठ्यात सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असते. रात्रभर भिजवून उकळलेले त्याचे पाणी रेशमी व लोकरीच्या कपड्यांसाठी चांगले. राखेतील अल्कलीमुळे भांड्यांचा तेलकटपणा जातो.

संत्र्याच्या मुलखात सालींना तोटा नाही. साली व्हिनेगरमध्ये पंधरवडाभर मुरवून गाळलेले पाणी काचा व ओटा पुसायला उत्तम. मात्र शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याचे दगड. आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. अशा फरशीला साधा साबण आणि कोमट पाणी पुरे. सालीचे उटणे करायचे असेल, तर फवारणी झालेल्या झाडाची साल घेऊ नये.

मुलांचे जग

डांबराच्या गोळ्या मुलांना खडीसाखरेसारख्या वाटतात. काही बालकांत जन्मतःच जी-६-पीडी या विकराची कमतरता असते. अशा बाळाला या गोळ्यांच्या कपाटातील कपडे गुंडाळले, तरी रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. कपड्यांत कडुनिंबाचा वाळका पाला ठेवावा. कापूर हा पर्याय नव्हे. गिळल्यास तो मुलांना झटके आणतो. कडुनिंबाचे तेलही तान्ह्या बाळाला पाजू नये.

सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन आलेल्या मुलाच्या कपाळी शेंदूर असतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साईड आहे आणि शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. श्रद्धेला बाधा न आणता कपाळ व हात धुता येतात. हळदीपासून बनलेले कुंकू लावता येते. जुन्या दारांच्या रंगातही शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा खरवडू नये, ओला करूनच घासावा.

औषधांची पेटीही याच हिशेबात येते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने छिंदवाडा, बैतूल व पांढुर्णा या जिल्ह्यांतील वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन निघाले. त्या घरांनी काही चुकीचे केले नव्हते. दोष बाटलीत होता. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवू नयेत, असा सल्ला दिला. साधा खोकला बहुधा आपोआप थांबतो. एक वर्षावरील मुलाला रात्री चमचाभर मध देता येतो. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. धाप लागली, ताप हटेना वा लघवी कमी झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आज संध्याकाळचे काम

या सर्वांसाठी बाजारात जाण्याची गरज नाही. आज संध्याकाळी ओसरी, मोरी, कोठीची खोली आणि देवघरामागचा कोनाडा पाहावा. लेबल नसलेली प्रत्येक बाटली वेगळी काढावी. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात काही भरून ठेवले असेल, तर ते कोणाच्या खाण्यापिण्यात येऊ देऊ नये आणि डब्याला भोक पाडावे. फवारणीच्या कपड्यांसाठी अंगणात एक खुंटी ठोकावी. गोव्यातील घरात पऱ्हाटी नसेल. पण लेबल नसलेली बाटली, ब्लीच आणि डांबराच्या गोळ्या तेथेही आहेत. घराच्या आरोग्यासाठी काय विकत घ्यावे हा प्रश्न नंतरचा. काय उंबरठ्याबाहेर ठेवावे, हे आधी ठरवावे.