गावच्या आरोग्याचा पहारा

आषाढीहून परत फिरलेला वारकरी वद्य एकादशीला नरसी नामदेवला येतो. कयाधूकाठच्या या गावी १२७० साली नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. परतवारीची दाटी होते ती ऐन पावसाळ्यात. विहिरी गढूळ, नदीला नवे पाणी. पूर्वी वारीच्या वाटेने पटकीही चालत येई, हे आमच्या आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नसे. म्हणून या गावी रोगराईचा विचार करताना आम्हांला पहिला प्रश्न पडतो तो औषधाचा नव्हे. विहिरीत ब्लीचिंग पावडर कोण टाकतो आणि त्याच्या श्रमाचे काय, हा तो प्रश्न.

पावडरीचे शास्त्र अवघड नाही. हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम चांगली पावडर घ्यावी, बादलीत कालवावी, गाळ बसू द्यावा, वरची निवळ विहिरीत सोडावी आणि तासभर थांबावे. हे कोणासही शिकविता येईल. परंतु न चुकता करणारे माणूस गावातलेच हवे. देवीच्या रोगाचे निराळे होते. देवी काढणारा बाहेरून येई, दंडावर टोचून जाई, एवढ्याने भागे. त्या मार्गाने १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि तो रोग हटला. पण हगवण, हिवताप, क्षय यांवर एका फेरीत विजय मिळत नाही. तेथे रोजचा पहारा लागतो.

हा पहारा कोणी करावा, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच शोधले. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या तेथे रुळल्या नाहीत. मग गावांतल्याच बाया निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या आठवड्याला जामखेडला जमत, एकत्र राहत, शिकत आणि गावी जाऊन शिकवीत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकविले. अक्षरओळख नसलेल्यांना श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधन दिले. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे अधिक झाले. म्हणून या बायांची बुद्धी आम्हांला नवलाची वाटत नाही. नवल वाटते ते पुढच्या इतिहासाचे.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना काढली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि नंतर महिना ५० रुपये मानधन. थोड्याच वर्षांत या कार्यकर्त्याचे नाव ‘स्वयंसेवक’ झाले, १९८१ साली ‘मार्गदर्शक’. काम तेच राहिले, नाव मात्र दोनदा बदलले. आमचे उभे आयुष्य कामगारांत गेले. नावाचा अर्थ आम्ही एवढाच समजतो की, स्वयंसेवक म्हटले की मजुरीचा प्रश्नच उरत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली. पुन्हा हजार वस्तीमागे एक. पहिल्या वर्षी २३ दिवसांचे शिक्षण. आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला. २०२० साली कोरोना आला तेव्हा घरोघर जाऊन तपासणी केली ती हिनेच. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की ही सरकारी नोकर नाही. वास्तविक २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे, अशी शिफारस केली होती. मोबदला पुढे वाढला, दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला.

कोणी म्हणेल, सेवेला पैशाचे माप का लावता? आम्ही विचारतो, गावच्या डॉक्टरला, शिक्षकाला पगार दिल्याने त्यांची सेवा हलकी होते काय? शिकविलेली बाई पोटासाठी दुसऱ्याच्या शेतावर गेली, तर तिच्याबरोबर गावाचे सारे शिक्षणही गेले. शिकविणे ही अर्धीच गोष्ट आहे. शिकलेल्याला टिकविणे ही उरलेली अर्धी.

नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले, कष्टाच्या घरी. त्यांच्या गावी परतवारीला आलेला वारकरी ओंजळभर पाणी पिऊन बरा घरी पोचतो, त्यामागे कोणा बाईची सकाळ गेलेली असते. तिचे नाव हजेरीपटावर असावे, एवढीच आमची मागणी आहे.