धाव, डांबर आणि टायर: झीज कोणी सोसायची?

रहिमतपूरला मामाच्या अंगणात तुळशीभोवती एक लोखंडी कडं आहे. बैलगाडीच्या चाकाची ही धाव. गाडी मोडीत निघून जमाना झाला, धाव अजून शाबूत. दिवाळीत मामेभाऊ पुण्याहून आपली नवी वेगवान गाडी घेऊन आला होता. गाडी देखणी, पण अठरा हजार किलोमीटरलाच मागचे टायर गुळगुळीत. त्याने त्या धावेकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, "हे बघ, दोन पिढ्या चाललं. आणि तू रबराच्या झिजेवर पीएच.डी. करतोयस ना? मग सांग, माझे पैसे कुठे गेले?"

तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात धावेपासूनच करू. सुतार बाभळीचे आरे आणि पाटे जुळवून चाक उभं करायचा. लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडं करायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि फुगलेलं कडं चाकावर चढवून वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की सगळे सांधे करकचून आवळले जायचे. धाव झिजायची, पण फार हळू. खाली चुराडा व्हायचा तो रस्त्याचा. भरलेल्या गाडीचं सगळं वजन दोन अरुंद लोखंडी पट्ट्यांवर, आणि पट्टी रस्त्याला टेकते ती बोटभर जागेत. तेवढ्या जागेवरच्या दाबाखाली खडी अक्षरशः भरडली जायची.

पहिल्या महायुद्धानंतर त्याच खडीच्या रस्त्यांवर मोटारी वाढल्या. आता गंमत बघा. खडीचा रस्ता टिकतो तो दगडांच्या फटीत बसलेल्या बारीक भुकटीमुळे, तीच त्याचं सिमेंट. धाव दगड भरडून भुकटी सुटी करायची आणि मागून वेगात येणारा मोटारीचा रबरी टायर ती ओढून हवेत उडवायचा. फटी रिकाम्या झाल्या की दगड मोकळे, आणि पुढच्या पावसात खड्डे. दोन्ही वाहनं एकमेकांचं अर्धवट काम पूर्ण करत होती!

रस्त्यांच्या या दुरवस्थेचा विचार करायला सरकारने १९२७ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हो, तेच जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसून टायरवरचे शोधनिबंध वाचताना मला हा योगायोग फार आवडतो. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी करा, असं तिचं म्हणणं होतं, आणि १९२९ मध्ये तसा निधी उभा राहिला. गॅलनमागे दोन आणे. म्हणजे रस्त्याच्या झिजेचं बिल रीतसर मोटारवाल्यांच्या नावावर निघालं. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डांबर आलं. १९३६ मध्ये बंगालात साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. हळूहळू बैलगाडीखालीही रबर आलं. आज आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दिसते ती टायरगाडीच.

रबराने काय केलं? दाब मोठ्या जागेवर पसरवला आणि झीज स्वतःवर घेतली. रस्ता वाचला, टायर मरायला लागला. मग तो कसा जगवायचा, हा पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न झाला. सुरुवातीचे टायर फिकट, पांढुरके असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घालायला लागले आणि टायरचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. टायर काळे आहेत ते त्यामुळे, मळ दिसू नये म्हणून नव्हे. (हे मला लहानपणी खरंच वाटायचं.)

आता मामेभावाच्या गाडीकडे येऊ. रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे: पृष्ठभागाला चिकटून आणि खडीच्या उंचसखल टोकांवर दबून-उसळून. दबताना घेतलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. पकडीचा मोठा वाटा या 'तोट्यातूनच' येतो. वेगवान गाडीसाठी मुद्दाम जास्त तोट्याचं, मऊ रबर घेतात. ते जास्त धरतं, जास्त तापतं आणि साधारणपणे लवकर झिजतं. १९९० च्या दशकात काजळीच्या जागी बरीचशी सिलिका वापरून ही ओढाताण थोडी सैल झाली, संपली नाही.

पण रबर हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं चालवणाऱ्याच्या पायात आहे. शालामाख नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत घसरत्या चाकांची झीज मोजली. वळणावर टायरची झीज ढोबळमानाने त्याच्यावरच्या आडव्या बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि आडवं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वर्गाचा वर्ग म्हणजे चौथा घात! ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० ऐवजी ६० ने घेतलंत, तर तेवढ्याच अंतरात झीज अंदाजे १६ पट. खंबाटकी घाटात हौस भागवणाऱ्याला अठरा हजार किलोमीटर मिळाले हेच खूप.

टायरच्या कडेवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो, तो जरूर बघा. अमेरिकेत टेक्सासमध्ये ठरलेल्या मार्गावर सुमारे ११,५०० किलोमीटर गाडी चालवून प्रमाणित टायरशी तुलना करतात. प्रमाणित टायर १०० धरला तर साध्या गाड्यांच्या टायरवर ४०० च्या पुढचे आकडे सहज दिसतात, ट्रॅकवर पळवायच्या टायरवर २०० किंवा कमी. हे गुणोत्तर आहे, किलोमीटरचा वायदा नव्हे. आणि फॅक्टरीची तारीखही बघा. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचे टायर न झिजताही कडक होऊन निकामी होतात.

आयुष्य सक्तीने वाढवायचा एक प्रयोग फॉर्म्युला वनने २००५ मध्ये केला: पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच संचावर. नुरबुर्गरिंगला आघाडीवरच्या किमी रायकोनेनचा पुढचा टायर ब्रेक लॉक होऊन एका जागी सपाट झाला, तरी तो थांबला नाही. शेवटच्या फेरीत त्या हादऱ्यांनी सस्पेन्शनच तुटलं. पुढच्या वर्षी नियम गेला.

म्हणून भावाने "आता कडक, टिकाऊ टायर टाकू का?" असं विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. इतकी ताकद आणि वेग असलेली गाडी पावसात घाट उतरताना कशाच्या जोरावर थांबणार? तेच मऊ टायर घे, हवा दर पंधरवड्याला तपास, खाचा १.६ मिलिमीटरवर यायच्या आधीच बदल, आणि वळणावर पाय आवर.

त्याचे पैसे कुठे गेले, हे सांगायचं राहिलं. एका टायरमागे साधारण किलोभर रबर झिजून जातं. ते बारीक कणांच्या रूपाने रस्त्याकडेला आणि पावसाबरोबर ओढ्यात. त्यात ६पीपीडी नावाचं रसायन असतं, ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून, म्हणजे टायर जास्त टिकावा म्हणूनच घातलेलं. ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे बनतं, त्यानेच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सॅल्मन मासे मरत होते, असं २०२० मध्ये उघड झालं. आपल्या ओढ्यांतल्या माशांचं काय, ते तपासायला रस्त्याकडेच्या पाण्याचे नमुने घ्यावे लागतील. यंदा पहिला पाऊस पडला की बाटल्या घेऊन रहिमतपूरला जायचा माझा बेत आहे. गाडी भावाची, चालवणार मी.