वाण्याचे दुकान आणि बांधलेले गिऱ्हाईक

महाराष्ट्रातील वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक टिकवण्याची रीत मापापासून सुरू होई. धान्य शेर-पायलीने मोजले जाई. चार शेरांची एक पायली. माप काठोकाठ न भरता शिगोशीग भरणे हा दुकानदाराच्या सचोटीचा पुरावा मानला जाई. सामान न्यायला आलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवण्याची पद्धतही होती.

दुसरा आधार उधारीचा. महिन्याचे सामान वहीत मांडले जाई आणि पगार किंवा सुगी झाली की हिशेब चुकता होई. अडचणीच्या काळात ही वहीच घर चालवी. मात्र तिच्यामुळे गिऱ्हाईक एकाच दुकानाशी बांधलेही जाई. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनात चोपड्यांची पूजा होई आणि पाडव्याला नवी वही उघडे.

1956 च्या कायद्याने दशमान मापे आली. किलोच्या तराजूमुळे शीग गेली. 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ ही दिनदर्शिका निघाली. पुढे दुकानाचे नाव छापलेली दिनदर्शिका नेहमीच्या गिऱ्हाइकाला भेट देण्याचा प्रघात रूढ झाला. साधने बदलली, तरी या व्यवहाराचा पाया ओळख आणि विश्वास हाच राहिला.