जुन्या मुंबईंतील शेजारधर्म

श्रोतेहो, मुंबईच्या भुलेश्वरांत पांजरपोळ नांवाची एक गल्ली आहे. भाजीवाले, फूलवाले, देवळांच्या घंटा आणि गिऱ्हाइकांची दाटी यांतून वाट काढीत तेथें गेलें, म्हणजे भर बाजारांत गाई उभ्या असलेल्या दिसतात. एवढ्या मोलाच्या जागीं गुरांचें काय काम, असा प्रश्न नवख्याला पडल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर हवें असेल तर आपणांस १८३२ सालच्या जून महिन्यांत जावें लागेल. एकमेकांची भाषा आणि धर्म न जाणणारीं माणसें ह्या बेटावर एकत्र नांदावयास कशीं शिकलीं, हेंही त्या ओघांत थोडेंसें उलगडेल.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढें आणा. कोट तेव्हां नुसता नांवाचा नव्हता. भोंवतीं तट होता, तटाबाहेर खंदक होता, आणि आंत शिरावयास अपोलो, चर्चगेट व बझारगेट असे दरवाजे होते. रात्रीं ते लावून घेत. आगगाडी सुरू व्हावयास अजून एकवीस वर्षें होतीं. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं आले. तोंवर लोकांची तहान विहिरी आणि तळीं भागवीत, आणि अंधार पडला कीं ज्याचा कंदील त्याच्या हातीं. श्रीमंत पालखींतून किंवा शिगरामांतून जात, बाकीचे पायीं. कोटाबाहेर माडांच्या वाड्या होत्या, आणि कुंभारवाडा, तांबाकांटा अशा वस्त्या. जेथें जो धंदा, तेंच त्या जागेचें नांव. कोळी आणि भंडारी येथले जुने रहिवासी. पारशी, भाटिये, जैन, बोहरी, खोजे, सोनार, प्रभु, ब्राह्मण, गोंवेकर हे सारे पोटामागें आलेले. त्यांची एकमेकांशीं गांठ पडे ती बाजारांत. उंबरठ्याच्या आंत ती सहसा पडत नसे.

अशा ह्या गांवांत मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट फार. उन्हाळ्यांत तीं पिसाळतात म्हणून ठराविक महिन्यांत त्यांना मारण्याची परवानगी सरकारनें पूर्वींच दिलेली होती. १८३२ सालीं ती मुदत वाढविण्यांत आली. मारलेल्या दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. त्या काळीं आठ आण्यांना मोल होतें! मोकाट कुत्रें कोणतें आणि पाळलेलें कोणतें, याचा विचार मारणाऱ्यांनीं सोडला. घरादारांतून कुत्रीं ओढून नेण्याचा सपाटा चालला. आतां पारशांच्या धर्मांत कुत्र्याला मोठा मान. माणूस मेला म्हणजे प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा त्यांचा विधि आहे. त्यास सगदीद म्हणतात. कलेक्टरच्या कचेरींत जी नुसती सफाईची बाब होती, तीच पारशाच्या ओटीवर धर्मसंकट होऊन बसली.

६ जून रोजीं कोटांतील पारशांचा जमाव कुत्रीं मारणाऱ्यांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं दुकानें उघडलींच नाहींत. हिंदु, जैन आणि इस्मायली मुसलमानही पारशांबरोबर राहिले. पाव, मांस, पाणी यांचा पुरवठा बंद पडला, आणि त्याची झळ कुलाब्याच्या गोऱ्या शिपायांस लागली. अखेरीस फौज बोलावून धरपकड करावी लागली. एकमेकांच्या पंक्तीस न बसणारीं माणसें एका मुक्या जनावरासाठीं एकाच दिवशीं फळ्या लावून घरीं बसलीं, ही गोष्ट लहान नव्हे.

पण दंगा मोडला म्हणून प्रश्न मिटला नाहीं. कुत्रीं होतीं, त्यांची भीति होती आणि त्यांच्याविषयीं दयाही होती. तो प्रश्न व्यापाऱ्यांनीं हातीं घेतला. १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई यांनीं जैन शेटियांच्या साह्यानें भटक्या व निराधार जनावरांसाठीं पांजरपोळ स्थापिला. पारशाची श्रद्धा आणि जैनाची अहिंसा यांचीं कारणें वेगळीं, परंतु कुंपण एकच.

हे जमशेटजी म्हणजे त्या वेळच्या मुंबईची एक मूर्तिमंत गोष्टच होती. जन्म १७८३ चा. लहानपणींच पोरके झाले. मामाच्या बाटल्यांच्या धंद्यांत ते शिरले आणि बाटलीवाला हें नांव त्यांना चिकटलें. चीनच्या सफरी केल्या. एका सफरींत फ्रेंचांनीं जहाज पकडलें आणि त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं सोडून दिलें. तेथूनही ते परतले. त्यांच्या संपत्तींत कापसाबरोबर अफूचाही पैसा होता, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु ती संपत्ति तिजोरींत कुजली नाहीं. वांद्रें आणि माहीम यांमधील खाडीवर रस्ता बांधण्यास सरकार पैसा देईना, तेव्हां त्यांची पत्नी अवाबाई हिनें १,५७,००० रुपये दिले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून जकात घेऊं नये अशी अट घातली. १८४५ सालीं तो रस्ता खुला झाला.

शेजाऱ्याच्या मनाला जपण्याची ही रीत शेटसावकारांचीच होती असें मात्र कोणीं समजूं नये. दंग्याच्या आदल्याच वर्षीं, १८३१ सालीं, गणपत कृष्णाजी नांवाच्या एका भंडारी कारागिरानें मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापून काढलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून त्याला ह्या विद्येचा नाद लागला होता. शाई आणि यंत्र त्यानें स्वतःच खटपट करून सिद्ध केलें. तोंवर पंचांग हातानें लिहिलेलें, आणि तिथि पाहावयाची तर जोशीबुवांना विचारावयाची. आतां ती कोणाच्याही कोनाड्यांत येऊन बसली. परंतु छापलेल्या कागदास हात लावावयास सोंवळे लोक कचरत. शाईंत चरबी असते अशी त्यांची शंका. गणपत कृष्णाजीनें त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. त्यानें चरबी काढून तूप घातलें, असें सांगतात. पुढें धर्मग्रंथही छापून घरोघर गेले. जुन्या मनाची अडचण ओळखून तिला वाट करून देणारा हा कारागीर मला फार मोठा वाटतो.

श्रोतेहो, हें सारें ऐकून जुनी मुंबई म्हणजे रामराज्य होतें असें कोणास वाटेल, तर तें खरें नव्हे. ह्याच शहरांत १८५१ आणि १८७४ सालीं पारशी व मुसलमान यांच्यांत दंगे पेटले. शेजारधर्म एकदां शिकला कीं तो कायमचा येतो, असें नाहीं. दर पिढीला तो नव्यानें गिरवावा लागतो. कोटाचा तट १८६० नंतरच्या दशकांत पाडला गेला, खंदक बुजले. पांजरपोळ मात्र आपल्या जागीं आहे. भुलेश्वराच्या गर्दींत पुन्हां कधीं जाणें झालें, तर त्या गाईंपाशीं घटकाभर थांबा आणि आठ आण्यांच्या त्या हुकुमाची आठवण करा. दुसऱ्याच्या ओटीवर काय पूज्य आहे हें न विचारतां काढलेला हुकूम केवढ्याला पडतो, हें मुंबईला तेव्हां समजलें होतें.